अपरान्ताच्या किनाऱ्यावरील धम्मयात्रा
(येवला ते पन्हाळेकाजी : मोटारसायकलवरून पाहिलेली कोकणची बौद्ध लेणी)



दि. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या येवल्याच्या भूमीवर धर्मांतराची ऐतिहासिक घोषणा केली. त्यामुळे दरवर्षी १३ ऑक्टोबरला दूरदूरचे लोक मुक्तिभूमीवर येतात. आपण मात्र कोठे जातो? ज्यांना शक्य आहे ते बोधगया, सारनाथ, कुशीनगर येथे जाऊन येतात. अलीकडे काही कुटुंबे प्रवासी कंपन्यांबरोबर थायलंडलाही जाऊन आली आहेत. तेथील छायाचित्रे पाहताना मन हरखून जाते. थायलंडच्या आखाताच्या काठी प्रचुआप खिरी खानसारखे शांत प्रांत आहेत. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला टेकडी आणि टेकडीवर बुद्धविहार. भल्या सकाळी भिक्खू पात्र घेऊन गावातून फिरतात आणि कोळी, दुकानदार, गृहिणी त्यांना अन्नदान करतात. भाड्याची मोटारसायकल घेऊन असा किनारा पाहणारे पुष्कळ प्रवासी असतात.

हे ऐकून माझ्या मनात एक प्रश्न आला. आपल्यालाही समुद्रकिनारा आहे, टेकड्या आहेत आणि त्या टेकड्यांत तथागतांची लेणीही आहेत. मग तो किनारा आपण पाहिला आहे काय? प्रामाणिक उत्तर 'नाही' असे होते. म्हणून गेल्या दोन हिवाळ्यांत समितीचे एक सहकारी आणि मी, माझ्या १०० सी.सी.च्या मोटारसायकलवरून, नाशिकच्या लेण्यांपासून दापोलीजवळच्या पन्हाळेकाजीपर्यंत जाऊन आलो. काय पाहिले, त्याचा अर्थ काय आणि आपल्या मुलांनी ते कसे पाहावे, हे सांगण्याचा या लेखाचा प्रयत्न आहे.

दोन किनारे, एकच यादी

श्रीलंकेच्या 'महावंस' या पाली ग्रंथात, सम्राट अशोकाच्या काळातील तिसऱ्या संगीतीनंतर धम्मप्रसारासाठी कोणते थेर कोठे गेले याची यादी आहे. त्यात योनक धम्मरक्खित हे अपरान्तास आणि महाधम्मरक्खित हे महारठ्ठास गेल्याचे म्हटले आहे. अपरान्त म्हणजे पश्चिम किनारा, अर्थात आपले कोकण. महारठ्ठ म्हणजे आपला देश. त्याच यादीत सोण आणि उत्तर हे दोन थेर सुवण्णभूमीला गेल्याचे सांगितले आहे. ही सुवर्णभूमी आपलीच, असे थायलंडचे लोक मानतात आणि म्यानमारचे लोकही मानतात. थायलंडमधील नाखोन पाथोमचा प्रचंड चैत्य याच परंपरेशी जोडला जातो.

म्हणजे परंपरेच्या दृष्टीने कोकणचा किनारा आणि थायलंडचा किनारा ही एकाच घरातील दोन भावंडे आहेत. फरक एवढाच की तेथील विहारांत आज दिवा लागतो आणि आपल्या लेण्यांत वटवाघळे राहतात. तो फरक कसा कमी होईल, हा आपल्या पिढीपुढील प्रश्न आहे.

पहिला मुक्काम : नाशिकची त्रिरश्मी लेणी

येवल्याहून नाशिक सुमारे ८० किलोमीटर. शहराच्या दक्षिणेस मुंबई रस्त्यावर जी लेणी आहेत त्यांना सारे लोक 'पांडवलेणी' म्हणतात. पांडवांचा या लेण्यांशी काही संबंध नाही. तेथील शिलालेखांत या डोंगराचे नाव 'तिरण्हु' म्हणजे त्रिरश्मी असे आले आहे. एकूण २४ लेणी असून ती भिक्खुसंघासाठी कोरलेली आहेत.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. शाळेत असताना सहलीबरोबर मी या लेण्यांत आलो होतो. धावाधाव, डबे, आरडाओरडा, आणि निघताना एका भिंतीवर खिळ्याने मी माझे नाव कोरले. ते चुकीचे आहे हे मला कोणी सांगितले नाही आणि मलाही तसे वाटले नाही. यावेळी मी ती भिंत शोधली. माझे नाव सापडले नाही, कारण त्यावर आणखी पन्नास नावे कोरली गेली होती.

त्याच लेण्यांत दहाव्या क्रमांकाचे लेणे आहे. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने ते दान दिले. त्याचा लेख वाचकांनी, विशेषतः वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी, अवश्य समजून घ्यावा. उषवदाताने ३,००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ही ठेव त्याने राजाच्या खजिन्यात ठेवली नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे विणकरांच्या संघांकडे, ती ठेवली. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा १ या व्याजाने आणि दुसरीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळावेत, अशी तरतूद आहे.

बँकेतल्या सवयीने मी तेथेच हिशेब मांडला. २,००० चे वर्षाचे व्याज २४०. त्याला २० ने भागले की बरोबर १२. उरलेल्या १,००० चे वर्षाला ९०, ते भिक्खूंच्या किरकोळ खर्चासाठी. एक पैसाही इकडेतिकडे नाही! हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला, असेही लेख सांगतो. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी नाशिक परिसरातील विणकरांची पत इतकी होती की राजाच्या जावयाने आपली ठेव त्यांच्यावर सोपवली. आपले येवला हे पैठणीचे, हातमागाचे गाव आहे. ज्यांच्या घरी आजही माग चालतो, त्यांच्या मुलांना हा लेख कोणी वाचून दाखवला आहे काय?

आणखी एक गोष्ट. याच उषवदाताच्या लेखात नाशिकचा आणि समुद्रकिनाऱ्याचा संबंध स्पष्ट दिसतो. त्याने गोवर्धन, भरुकच्छ, दशपूर आणि शोर्पारग येथे प्रवाशांसाठी निवारे बांधले, दमण, तापी, डहाणुका अशा नद्यांवर फुकट नावांची सोय केली आणि ३२,००० नारळीची झाडे दान दिली, असे त्यात नमूद आहे. शोर्पारग म्हणजे आजचे नालासोपारा. घाटावरचा माल या वाटांनी बंदरात उतरत होता आणि व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर भिक्खूही ये-जा करीत होते. लेणी व्यापारी मार्गांच्या कडेने का आहेत, याचे उत्तर येथे मिळते. भिक्खूंना भिक्षेसाठी वस्ती जवळ हवी, ध्यानासाठी एकांत हवा आणि प्रवाशाला पाणी व आसरा हवा. या तिन्ही गरजा घाटवाटेवरच्या डोंगरात भागत होत्या.

म्हणून आम्हीही त्याच दिशेने निघालो. वाटेत इगतपुरीस १९७६ पासून सुरू असलेले धम्मगिरी विपश्यना केंद्र लागते. तेथून कसारा घाट उतरला की हवा बदलते आणि कोकण सुरू होते.

सोपारा : प्रवाशांसाठीच लिहिलेले दोन लेख

नालासोपाऱ्याची गर्दी ओलांडून आत गेले की 'बुरुड राजाचा कोट' नावाचे ठिकाण लागते. तेथे विटांचा स्तूप आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्याचे उत्खनन केले. आत दगडी पेटी निघाली. तिच्यात तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने यांचे एकात एक ठेवलेले करंडक होते आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या पात्राचे तुकडे होते. तथागतांच्या भिक्षापात्राचे ते अवशेष, अशी श्रद्धा. भोवती बुद्धाच्या आठ कांस्यमूर्ती होत्या, त्या बऱ्याच नंतरच्या काळातील मानल्या जातात. या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ताब्यात आहेत.

सोने वर आणि माती आत! सर्वांत मौल्यवान म्हणून जपलेली वस्तू म्हणजे एका भिक्षापात्राची खापरे. उपासकांची श्रद्धा कशावर होती हे यावरून कळते.

सोपाऱ्याचे दुसरे महत्त्व म्हणजे अशोकाचे शिलालेख. अशोकाचे १४ मोठे शिलालेख प्रसिद्ध आहेत. सोपाऱ्यास त्यांपैकी दोनच लेखांचे तुकडे सापडले. आठव्याचा तुकडा भगवानलाल इंद्रजींना १८८२ साली मिळाला आणि नवव्याचा तुकडा जवळच्या भुईगाव येथे १९५६ साली मिळाला. ज्या वर्षी नागपूरला धम्मदीक्षा झाली, त्याच वर्षी.

योगायोग असा की या दोन्ही लेखांचा प्रवासाशी संबंध आहे. आठव्या लेखाचा आशय असा : पूर्वीचे राजे विहारयात्रेला, म्हणजे मौजेच्या सहलीला जात, त्यात शिकार आणि करमणूक असे. अशोक मात्र राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीला म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. या यात्रांत श्रमण-ब्राह्मणांची भेट व दान, वृद्धांची भेट व त्यांना मदत, खेड्यापाड्यांतील लोकांची भेट, त्यांना धम्माचा उपदेश आणि धम्माविषयी चर्चा ही कामे होत.

नवव्या लेखात अशोक म्हणतो की आजारपणात, लग्नात, मूल जन्मल्यावर आणि प्रवासाला निघताना लोक नाना प्रकारची मंगलकृत्ये करतात, पण त्यांचे फळ थोडे. खरे मंगल म्हणजे दास-सेवकांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम आणि दान. मोटारसायकलच्या हँडलला लिंबू-मिरची बांधून निघणाऱ्या आजच्या तरुणांना सम्राटाने बावीसशे वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेवले आहे. ब्रेक तपासा, हेल्मेट घाला आणि मन चांगले ठेवा, एवढे मंगल पुरे.

या दोन लेखांनी मला माझ्या शालेय सहलीचा अर्थ समजला. आमची ती विहारयात्रा होती. धम्मयात्रेत जाणारा माणूस काही देतो, कोणाला भेटतो, काही विचारतो. यापुढचा प्रवास त्या कसोटीवर करायचे आम्ही ठरवले.

सोपाऱ्याचे नाव पाली वाङ्मयातही येते. सुनापरान्त देशातील भिक्खू पुण्ण याची कथा मज्झिम निकायात आहे. तेथील लोक रागीट आहेत, शिव्या देतील, मारतील, मग काय करशील, असे तथागत विचारतात. प्रत्येक वेळी पुण्ण सांगतो की त्यांनी त्याहून वाईट काही केले नाही, म्हणून मी त्यांना भलेच मानीन. परंपरा या पुण्णाला सोपाऱ्याचा व्यापारी मानते. आपल्या किनाऱ्यावरचा हा पहिला धम्मसेवक.

ज्यांना वेळ आहे त्यांनी मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेणी पाहावीत. तेथे शंभराहून अधिक लेणी आहेत आणि सोपारा, कल्याण, चेमुल म्हणजे चौल, येथील दात्यांची नावे आहेत. गोराईच्या खाडीजवळ २००९ साली खुला झालेला विश्व विपश्यना पॅगोडा आहे. आत एकही खांब नसलेल्या त्याच्या घुमटाखाली सुमारे ८,००० लोक ध्यानाला बसू शकतात. आपल्या किनाऱ्यावरही आज धम्माचा दिवा लागतो, हे तेथे दिसते.

कुडे : एका कारकुनाचे लेणे

पनवेल, पेण, नागोठणे, कोलाड करीत मुंबई-गोवा महामार्गावरील इंदापूरला पोहोचावे आणि तेथून तळा मार्गे मांदाडच्या दिशेला वळावे. हमरस्ता सुटला की खरा कोकण दिसतो. भातखाचरे, नारळी-पोफळी, मधूनच दिसणारे खाडीचे पाणी. राजपुरीच्या खाडीच्या एका फाट्यावर, डोंगराच्या कुशीत कुडे गावाची २६ लेणी आहेत. खाली खाडी, वर लेणी आणि पूर्ण शांतता. थायलंडच्या छायाचित्रांत जे पाहिले होते ते येथे प्रत्यक्ष होते, फक्त माणसे नव्हती.

पहिल्या खेपेस आम्ही संध्याकाळी पोहोचलो, सहाव्या लेण्याच्या दर्शनी भागातले हत्ती पाहिले, फोटो काढले आणि खाली उतरलो. पायथ्याशी गुरे वळणाऱ्या एका आजींनी विचारले, "वर काय लिहिलंय रं बाबा? येवढं लांबून येता, वाचून तरी सांगा." मला सांगता आले नाही. "आम्ही म्हणतो पांडवांनी एका रात्रीत कोरलं," असे त्याच म्हणाल्या. येवल्यापर्यंतच्या परतीच्या रस्त्यात तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. दुसऱ्या हिवाळ्यात लेखांची भाषांतरे वहीत उतरवून घेऊन आम्ही पुन्हा गेलो.

काय लिहिले आहे ते ऐका. एक लेणे करहाकड म्हणजे कऱ्हाड येथील महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने दिले आहे. एक दान माळ्याचे आहे, फुले विकणाऱ्या मालाकाराचे. एक चैत्यगृह भयिला नावाच्या ब्राह्मण उपासिकेने दिले. एक दान पदुमनिका या भिक्खुणीचे आहे. आणि शिवभूती नावाच्या 'लेखका'चे दान आहे. हा लेखक म्हणजे ग्रंथकार नव्हे. मांदव घराण्यातील महाभोज खंदपालित याच्या पदरी लिखापढी करणारा, म्हणजे आपल्या भाषेत कारकून. या मांदव नावाचा संबंध अभ्यासक जवळच्या मांदाडशी जोडतात. शिवभूतीचा धाकटा भाऊ शिवम याचेही येथे लेणे आहे. त्यातील शिल्पकाम शिवमच्या पत्नीने, विजयाने, मुलांसह करून घेतले आणि खांबांचे दान त्याच्या मुलींनी दिले. एका कारकुनाच्या कुटुंबाने वाटणी करून काम उचलले होते. भावाने लेणे, सुनेने शिल्प, मुलींनी खांब.

मी स्वतः आयुष्यभर कारकुनी केली आहे. खाते उतरवायचे, व्याज मांडायचे, शिक्का मारायचा. आपल्या हातून इतिहासात राहील असे काही होणार नाही, अशी माझी पक्की समजूत होती. कुड्याच्या त्या ओळीपुढे मी बराच वेळ उभा राहिलो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास माझ्याच व्यवसायातला एक माणूस आपल्या पगारातून शिल्लक टाकतो आणि संघाला निवारा देतो. त्याचे नाव दगडावर आहे, कारण त्याने काही दिले. माझेही नाव मी एकदा दगडावर कोरले होते, पण मी काहीही दिले नव्हते.

लेणी राजांनी बांधली, असे पाठ्यपुस्तकात शिकवले जाते. काही राजांनी दिली हे खरे, पण माळी, लोहार, विणकर, वैद्य, सावकार, स्त्रिया, भिक्खुणी यांनीही दिली. नाशिकच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर तर धंबिक नावाच्या एका अख्ख्या गावाचे दान नोंदलेले आहे. थायलंडमधील विहार आजही असेच चालतात. आपल्याकडचा वारसाही हाच आहे, आणि आपली समिती वर्गणीतून जे काम करते ते याच वारशातले आहे.

दुसऱ्या खेपेस त्या आजी भेटल्या नाहीत. त्यांच्या घरच्या लोकांना अंगणात बसून आम्ही सारे वाचून दाखवले. माळ्याचे दान आहे हे ऐकून एक तरुण म्हणाला, "म्हंजे आपल्यासारख्यांनीच केलंय की!" हेच तर सांगायचे होते.

महाड : वर पोढी, खाली तळे

कुड्याहून परत महामार्गाला लागून माणगाव मार्गे महाड गाठावे. शहरात शिरण्यापूर्वीच रस्त्यालगतच्या डोंगरात गांधारपाले गावची लेणी दिसतात. ती सुमारे तीस आहेत. खाली गांधारी आणि सावित्री नद्यांचे खोरे दिसते.

येथील एका लेखात कुमार काणभोअ विण्हुपालित याच्या दानाची नोंद आहे. लेणे, चैत्यगृह, ८ ओवऱ्या म्हणजे खोल्या, आणि लेण्याच्या दोन्ही बाजूंना २ 'पोढी'. पोढी म्हणजे दगडात कोरलेले पाण्याचे टाके. कोकणात पाऊस धो धो पडतो, पण मार्च उजाडला की डोंगरावर थेंब मिळत नाही. म्हणून प्रत्येक लेणीसमूहात टाकी कोरलेली असतात. पावसाचे पाणी पन्हळींनी टाक्यात उतरवायचे आणि वर्षभर वापरायचे. लेण्याच्या दानाबरोबर पाण्याचे दान दिले जाई. वर येणाऱ्या तहानलेल्या माणसाला हे पाणी मिळत असे.

या डोंगरावरून महाड शहर दिसते. त्या शहरातील चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आपल्या हजारो अनुयायांसह पाणी प्राशन केले, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. ज्या डोंगरात सतरा-अठराशे वर्षांपूर्वी पाण्याचे दान दगडात कोरून ठेवले, त्याच डोंगराच्या पायथ्याशी माणसांना पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. मधल्या काळात या देशात काय हरवले, हे समजण्यासाठी मोठे ग्रंथ वाचण्याआधी मुलांना या दोन जागा एकाच दिवशी दाखवाव्यात. सकाळी पोढी, दुपारी चवदार तळे. आम्ही तसेच केले आणि दिवसभर फारसे बोललो नाही.

आंबडवे आणि पन्हाळेकाजी

महाडहून मंडणगडकडे गेले की त्या तालुक्यात बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे लागते. तेथे त्यांचे स्मारक आहे. पुढे दापोली. सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातून निवृत्त झाल्यावर काही काळ येथे राहिले होते. दापोली तालुक्यातच, कोटजाई नदीच्या खोऱ्यात पन्हाळेकाजीची २९ लेणी आहेत. ती १९७० नंतर अभ्यासकांच्या खऱ्या अर्थाने नजरेत आली आणि पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी त्यांवर ग्रंथ लिहिला.

येथील वैशिष्ट्य असे की आरंभीची लेणी थेरवादी परंपरेची, साधी, स्तूप असलेली. पुढे दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास वज्रयान पंथाच्या मूर्ती येतात. त्यानंतर शैव, गाणपत्य आणि नाथ संप्रदायाची शिल्पे येतात. धम्म एका दिवसात नाहीसा झाला नाही. तो बदलत, मिसळत, हळूहळू दिसेनासा झाला. विद्यार्थ्यांनी ही लेणी क्रमाने पाहिली तर हा हजार वर्षांचा बदल त्यांना एका सकाळी समजेल.

लेख कसे वाचावेत

या लेखांची लिपी ब्राह्मी आणि भाषा प्राकृत आहे. भिण्याचे कारण नाही. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडली, ती सांचीच्या कठड्यांवरील छोट्या लेखांच्या आधारे. पुष्कळ लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात असे त्यांना दिसले. दात्याच्या नावानंतर 'दान' असेच लिहिलेले असणार, असा त्यांनी तर्क केला आणि 'दानं' हा शब्द वाचला गेला. त्यातून पुढची अक्षरे सुटली. म्हणजे या देशाच्या इतिहासाचे कुलूप 'दान' या शब्दाने उघडले! आपल्या मुलांनी 'दानं', 'लेणं' आणि 'देयधंम' हे तीनच शब्द ब्राह्मीत ओळखायला शिकावे. कोणत्याही लेण्यात ते सापडतील आणि पुढचे आपोआप येईल.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना

१) नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात लेण्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ असते आणि घाटात दरडी कोसळतात.

२) १०० सी.सी.ची गाडी पुरते, मात्र निघण्यापूर्वी ब्रेक, टायर, चेन आणि प्लग तपासून घ्यावेत. जादा क्लच वायर आणि पंक्चरचे सामान बरोबर असावे. कोकणातील आतल्या रस्त्यांवर पेट्रोल पंप दूर दूर असतात, म्हणून टाकी अर्धी झाली की भरावी. रात्री घाट चढू-उतरू नये.

३) किनाऱ्याने जायचे असेल तर आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे या खाड्यांवर फेरीबोटी आहेत, त्यांत मोटारसायकल चढवता येते. वळसा वाचतो आणि खाडी पाहायला मिळते.

४) विजेरी, पाणी, वही आणि लेखांचे मराठी भाषांतर जवळ ठेवावे. मेणबत्ती वा उदबत्ती लेण्याच्या भिंतीजवळ लावू नये, काजळीने शिल्प खराब होते. पाण्याच्या टाक्यांत उतरू नये.

५) संरक्षित स्मारकांची नासधूस करणे हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. 'जयभीम' हे आपले प्राणप्रिय अभिवादन आहे, पण तेही लेण्याच्या भिंतीवर लिहू नये. ते वाटेत भेटणाऱ्या माणसाला म्हणावे.

६) परतताना माणगावहून ताम्हिणी घाटाने पुणे आणि तेथून कोपरगाव मार्गे येवल्यास येता येते.

शेवटी एक विनंती

आपल्या समितीने दर हिवाळ्यात विद्यार्थ्यांची एक धम्मयात्रा काढावी. पहिल्या वर्षी नाशिकपर्यंत जरी गेले तरी पुरे. प्रत्येक विद्यार्थ्याने एका शिलालेखाची जबाबदारी घ्यावी. दाता कोण, त्याचा व्यवसाय काय, त्याने काय दिले, हे पाठ करून जावे, तेथे इतरांना समजावून सांगावे, आणि खाली उतरल्यावर गावातल्या एका तरी घरी बसून ते वाचून दाखवावे. लेण्यांचे रक्षण कुंपणाने थोडेफार होईल. पायथ्याच्या माणसाला ते आपल्यासारख्यांचे दान वाटू लागले की त्याची राखण तो स्वतःच करील.

माझ्यापुरते मी एक ठरवले आहे. नाशिकच्या भिंतीवरचे माझे अक्षर आता पुसता येणार नाही. म्हणून निवृत्त होईपर्यंत दरवर्षी एका विद्यार्थ्याचा या यात्रेचा खर्च मी देईन. त्याची नोंद समितीच्या वहीत असावी, दगडावर नको.

नमो बुद्धाय! जयभीम!